घरीं जुळविलेल्या संगणकाची स्मृति

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत सुटीच्या दिवसांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळतें. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा हातांत कागदाचा चिटोरा घेऊन दुकानाच्या काउंटरशीं उभा असतो. मागें त्याचे वडील किंवा मामा, एक हात खिशांतल्या पाकिटावर ठेवून. घरींच संगणक जुळवावयाचा आणि त्यावर खेळ खेळावयाचे असा बेत ठरलेला असतो. चिटोऱ्यावर प्रोसेसरचें नांव ठामपणें लिहिलेलें असतें, ग्राफिक्स कार्डाच्या नांवाखालीं तर दोन रेघा ओढलेल्या असतात. रॅम या शब्दापुढें मात्र नुसता एक आंकडा असतो. दुकानदार विचारतो, "फोर देऊं कीं फाइव्ह? बत्तीसशें कीं सहा हजार? सोळाची एक कीं आठच्या दोन?" मुलगा वडिलांकडे पाहतो, वडील मुलाकडे पाहतात, आणि दुकानदार जी पट्टी हाताशीं असेल ती पुढें करतो. कित्येक महिन्यांच्या शिलकेंतून घेतलेल्या यंत्राचें बरेंवाईट या अर्ध्या मिनिटांत ठरून जातें, ही गोष्ट मात्र दोघांपैकीं कोणाच्याच ध्यानीं येत नाहीं.

रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृति. ती कशासाठीं लागते हें स्वयंपाकघराच्या दाखल्यानें चटकन् समजेल. धान्याचे डबे माळ्यावर ठेवलेले असतात; तेथें जागा पुष्कळ, पण काढघाल करण्यास वेळ लागतो. संगणकांतील एसएसडी किंवा हार्ड डिस्क ही त्या माळ्यासारखी होय. स्वयंपाकास बसतांना जें लागणार तें सारें अगोदर ओट्यावर काढून ठेवावें लागतें. हा ओटा म्हणजे रॅम. आणि सुगरणीच्या अगदीं हाताखालीं असतो तो मिसळणाचा डबा. प्रोसेसरच्या पोटांत जी लहानशी पण अतिशय चपळ स्मृति असते, तिची जागा या डब्याची. ओटा अपुरा पडला कीं सुगरण कितीहि तरबेज असो, तिला दर दोन मिनिटांनीं शिडी लावून माळ्यावर चढावें लागतें. खेळ ऐन रंगांत आला असतांना पडद्यावरचें चित्र मध्येंच अडखळतें, त्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें.

या स्मृतीचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड या संशोधकास १९६८ सालीं जें पेटंट मिळालें, त्यांत तिचें मूळ आहे. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा सूक्ष्म भार सांठविणारा एक कपॅसिटर एवढ्यावर एक खूण, म्हणजे शून्य किंवा एक, ठेवतां येते, ही त्यांची कल्पना. रचना इतकी सुटसुटीत कीं थोड्या जागेंत अशीं अगणित घरें बसवितां येतात. परंतु हीं घरें म्हणजे पाझरणारीं मडकीं आहेत. भरलेला भार क्षणोक्षणीं गळत असतो, म्हणून प्रत्येक घर सेकंदाच्या अगदीं लहान अंशांत, नेहमींच्या डीडीआर-४ पट्टींत ६४ सहस्रांश सेकंदांच्या आंत, वाचून पुन्हां भरावें लागतें. वीज गेली कीं सगळें पुसलें जातें तें यामुळेंच. १९७० सालीं इंटेल कंपनीनें ११०३ नांवाची जी चिप बाजारांत आणली तींत अशीं १०२४ घरें होतीं. आज सोळा गिगाबाइटच्या संचांत सुमारें १३,७०० कोटी घरें असतात, आणि तीं सारीं एखाद्या शाळकरी मुलाच्या हौसेसाठीं रात्रंदिवस भरत-गळत असतात.

आतां प्रकारांचा प्रश्न. डीडीआर हें कुळाचें नांव. घड्याळाचा एक ठोका चढतो आणि उतरतो. जुन्या पद्धतींत ठोक्याला एकदांच माहितीची ने-आण होत असे, या कुळांत ती चढतांनाहि होते आणि उतरतांनाहि. जेडेक नांवाची संस्था या स्मृतीचीं प्रमाणें ठरविते. पहिल्या डीडीआरचें प्रमाण २००० सालीं प्रसिद्ध झालें, दुसऱ्या पिढीचें २००३, तिसरीचें २००७, चौथीचें २०१२ आणि पांचवीचें २०२० सालीं. प्रत्येक पिढींत विजेचा दाब उतरत गेला आणि गति वाढत गेली. तिसरीला १.५ व्होल्ट लागत, चौथीला १.२, पांचवीला १.१. येथें एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी: एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटांत बसत नाहीं. चौथ्या आणि पांचव्या पिढीच्या पट्ट्या लांबीला सारख्या, दोघींच्याहि कडेला २८८ सोनेरी दांते. पण मधली खांच वेगळ्या ठिकाणीं असते. ती मुद्दामच तशी ठेवलेली आहे. पट्टी सहज बसत नसेल तर अंगठ्यानें जोर करूं नये. खांच जुळत नाहीं याचा अर्थ पट्टीच चुकीची आहे.

तेव्हां "चांगली कोणती, फोर कीं फाइव्ह?" हा प्रश्न मुळांतच उलटा आहे. प्रोसेसर आणि मदरबोर्ड ठरला कीं रॅमची पिढी आपोआप ठरते. एएमडी कंपनीचा एएम-४ हा बोर्ड, जो २०१७ पासून रायझेन प्रोसेसरांसाठीं चालत आला, त्याला डीडीआर-४ च लागते. २०२२ च्या सप्टेंबरांत आलेल्या एएम-५ ला केवळ डीडीआर-५ चालते. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही चालवितात, आणि घोटाळा बहुधा येथेंच होतो. कारण प्रोसेसर दोन्ही चालवीत असला तरी त्याचा मदरबोर्ड सामान्यतः एकाच पिढीसाठीं बनविलेला असतो. एकाच नांवाचे दोन बोर्ड शेजारीं शेजारीं ठेवलेले असतात, आणि एकाच्या खोक्यावर शेवटीं 'डी-४' हीं अक्षरें बारीक छापलेलीं असतात. तीं न वाचतां बोर्ड घरीं नेला, वर डीडीआर-५ चा महागडा संच नेला, कीं रविवार सकाळ बदलून मागण्याच्या खटपटींत जाते. २०२४ च्या ऑक्टोबरांत आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेनें हा प्रश्न सोडविला. तिला डीडीआर-५ शिवाय दुसरें चालत नाहीं.

जें सर्वांत नवें तेंच घ्यावें, म्हणजे पुढें चिंता नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. या समजुतीस छेद देणारी एक हकीकत पंचवीस वर्षांपूर्वीं घडून गेली आहे. रॅम्बस नांवाच्या कंपनीनें आरडीरॅम या नांवाची एक निराळीच स्मृति तयार केली होती. रुंद रस्त्यावरून सावकाश माल नेण्याऐवजीं अरुंद रस्त्यावरून अतिशय वेगानें न्यावा, हें तिचें तत्त्व. इंटेलनें आपलें सारें वजन तिच्या पारड्यांत टाकलें. २००० च्या नोव्हेंबरांत पेंटियम-४ हा प्रोसेसर निघाला तो या आरडीरॅमच्या जोडीनेंच. कागदावरचे आंकडे डोळे दिपविणारे होते. पण पट्ट्या फार महाग, त्या जोडीजोडीनेंच बसवाव्या लागत, आणि जो स्लॉट रिकामा राहील त्यांतहि विजेचा मार्ग पुरा करण्यासाठीं एक पोकळ पट्टी खोंचावी लागे. इकडे साध्या डीडीआरला अनेक कारखानदारांचा पाठिंबा होता आणि तिची किंमत बेताची होती. वर्षभरांतच खुद्द इंटेलला पेंटियम-४ साठीं साधी स्मृति चालविणारे बोर्ड काढावे लागले, आणि २००३ पर्यंत घरगुती बाजारांतून आरडीरॅमचा जवळजवळ अस्त झाला. ज्यांनीं पहिल्या वर्षीं हौसेनें ती घेतली, त्यांना पुढें स्मृति वाढवावयाची तर जुन्या दुर्मिळ पट्ट्यांसाठीं वाढीव किंमत मोजावी लागे. नाहीं तर बोर्ड, स्मृति सारेंच बदलावें लागे. आजची डीडीआर-५ अशी एकाकी नाहीं. तिच्या मागें सर्व कारखानदार उभे आहेत. परंतु नवेपणा म्हणजे टिकाऊपणा नव्हे, हें त्या वेळच्या ग्राहकांना पदरचे पैसे खर्चून कळलें.

पिढी ठरली कीं गतीचा प्रश्न येतो, आणि जाहिरातींचा सगळा भर याच ठिकाणीं असतो. पट्टीवर ३२०० असें लिहिलेलें असतें आणि दुकानदार त्याला मेगाहर्ट्झ म्हणतो. वास्तविक घड्याळ १६०० मेगाहर्ट्झनेंच चाललेलें असतें. ठोक्याला दोनदां ने-आण होते म्हणून आंकडा दुप्पट. दर वेळीं आठ बाइट जातात, म्हणजे सेकंदास २५,६०० मेगाबाइट. ६००० च्या पट्टींतून याच हिशेबानें ४८,००० मेगाबाइट जातात. एवढ्यावरून दुसरी पहिलीच्या जवळजवळ दुप्पट चांगली असें वाटेल. पण खेळाला केवळ मालाचा एकूण ओघ पुरत नाहीं. मागितलेली वस्तु पहिल्यांदा हातीं किती वेळानें पडते, यालाहि तितकेंच महत्त्व असतें. हा उशीर सीएल या अक्षरांपुढील आंकड्यांत सांगितलेला असतो, आणि तो सेकंदांत नसून ठोक्यांत असतो. येथेंच भले भले फसतात.

हिशेब मात्र सोपा आहे. सीएलच्या आंकड्यास २००० नें गुणावें आणि गतीच्या आंकड्यानें भागावें. उत्तर नॅनोसेकंदांत मिळतें. डीडीआर-४, गति ३२००, सीएल १६: उत्तर १०. डीडीआर-५, गति ६०००, सीएल ३०: उत्तर पुन्हां १०च. म्हणजे 'सोळा'पेक्षां 'तीस' हा आंकडा वाईट दिसला तरी वाट पाहण्याचा वेळ तोच, आणि ओघ मात्र जवळजवळ दुप्पट. परंतु डीडीआर-५, गति ४८००, सीएल ४० अशी पट्टी घेतली तर उत्तर १६.७ येतें. ही पट्टी नव्या पिढीची खरी, पण पहिली वस्तु हातीं येण्यास चांगल्या जुन्या पट्टीपेक्षां दीडपटीहून अधिक वेळ लावते. पांचव्या पिढीच्या सुरुवातीस, २०२१ च्या अखेरीस, अशाच पट्ट्या बाजारांत अधिक होत्या. 'डीडीआर-५ घेऊनहि खेळांत फरक पडला नाहीं' अशी जी कुरकूर त्या वेळीं ऐकूं येई, तिचें एक कारण हें होय. दुकानांत मोबाइल काढून हा भागाकार करण्यास लाज वाटूं देऊं नये. भाजी घेतांना वजन-कांटा पाहतोंच कीं नाहीं?

म्हणून सर्वांत मोठा आंकडा शोधीत बसावें असेंहि नाहीं. प्रोसेसरच्या आंत स्मृतीचा कारभार पाहणारा जो भाग असतो, त्याचीहि एक चाल असते, आणि स्मृतीची चाल तिच्याशीं जुळली तर काम नीट होतें. एएम-४ वरील रायझेन ५००० साठीं हा मेळ सामान्यतः ३६०० पर्यंत बसतो. एएम-५ साठीं एएमडीनेंच ६००० ही गति सोयीची म्हणून सांगितली होती. याहून पुष्कळ वेगवान पट्टी घेतली तर हा मेळ तुटतो, कारभारी अर्ध्या चालीनें चालूं लागतो, आणि जास्त पैसे देऊन खेळांत कांहींच हातीं लागत नाहीं. शिवाय ज्या प्रोसेसरांत मिसळणाचा डबाच मोठा असतो, उदाहरणार्थ २०२२ सालचा रायझेन ७ ५८००एक्स३डी, ज्यांत ९६ मेगाबाइटचा डबा आहे, त्यांना ओट्याकडे वारंवार वळावेंच लागत नाहीं. असा प्रोसेसर घेतलेल्यानें साधी, स्वस्त रॅम घ्यावी आणि वांचलेले पैसे ग्राफिक्स कार्डांत घालावे. तसेंच मोठ्या पडद्यावर, उंची चित्रांसह खेळ चालूं असेल तर बहुतेक वेळ ग्राफिक्स कार्डच थकलेलें असतें. त्याची स्वतःची स्मृति त्याच्याच अंगावर बसविलेली असते, आणि येथली रॅम थोडी कमी-अधिक चपळ असल्यानें डोळ्यांना फारसें कांहीं जाणवत नाहीं.

सोळाची एक पट्टी घ्यावी कीं आठच्या दोन? आठच्या दोन. याविषयीं मतभेदास जागा नाहीं. प्रोसेसरपासून स्मृतीपर्यंत दोन वाटा असतात, आणि एकच पट्टी बसविली तर एक वाट ओस पडते. 'पुढें दुसरी घेऊं' असें म्हणून एक पट्टी घेणारे पुष्कळ, पण ती दुसरी पट्टी येईपर्यंत दोन-तीन दिवाळ्या जातात, आणि त्या वेळीं तंतोतंत जुळणारी पट्टी मिळतेच असें नाहीं. ज्या घरांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला पैसे नाहींत आणि प्रोसेसरमधील अंगच्या चित्रशक्तीवरच खेळ खेळावयाचे आहेत, त्या घरीं तर ही चूक फारच जाचते. रायझेन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरला चित्रें काढण्यासाठींहि ही रॅमच वापरावी लागते. एका पट्टीवर तो अक्षरशः अर्ध्या पोटीं राहतो. गतीची किंमत जर कोणाला पुरेपूर मिळत असेल तर ती या गरीब संगणकाला, आणि नेमका त्याच्याच वांट्याला एकटी, मंद पट्टी येते.

चार स्लॉट दिसतात म्हणून चारहि भरण्याचा मोह होतो. डीडीआर-५ च्या बाबतींत तो आवरावा. रायझेन ७००० मालिकेसाठीं एएमडीनें दोन पट्ट्यांस ५२०० आणि चार पट्ट्यांस अवघी ३६०० अशी गति अधिकृतपणें मान्य केली होती. तेव्हां जेवढी स्मृति हवी तेवढी पहिल्यापासूनच दोन पट्ट्यांत, एकाच खोक्यांतून आलेल्या जोडींत घ्यावी.

किती घ्यावी, हें आतां पैशांच्या अंगानें पाहिलें पाहिजे. आठ गिगाबाइटवर नवे मोठे खेळ नीट चालत नाहींत. सोळांत बहुतेक चालतात. बत्तीस असले म्हणजे खेळ चालूं असतां मागें ब्राउझर, मित्रांशीं बोलण्याचें साधन वगैरे उघडें ठेवतां येतें. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ सालच्या विमानोड्डाणाच्या खेळासाठीं सोळा ही किमान, बत्तीस ही शिफारस केलेली आणि चौसष्ट ही आदर्श स्मृति म्हणून सांगितलेली आहे. पण अशी भूक असणारे खेळ थोडे. २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत "बत्तीसच घ्या" असें बिनदिक्कत सांगतां येत असे. त्या वर्षाच्या उत्तरार्धांत मात्र चित्र पालटलें. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणकगृहांनीं स्मृतीची मागणी एवढी वाढविली कीं सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या कारखानदारांचा ओढा तिकडे वळला, आणि घरगुती पट्ट्यांच्या किंमती थोड्या महिन्यांत दुपटीहून वर गेल्या. डिसेंबर २०२५ मध्यें मायक्रॉननें क्रूशिअल या नांवाचा आपला ग्राहकांसाठींचा धंदा बंद करण्याचें जाहीर केलें. जुन्या डीडीआर-४ नें तरी हात द्यावा, तर तिचें उत्पादन आवरतें घेतलें जात असल्यामुळें तीहि महागली.

अशा महागाईंत ज्याच्या घरीं डीडीआर-४ चा चालता संगणक आहे, त्यानें ती रॅम आणि तो बोर्ड सांभाळून फक्त प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड बदलावें, हा व्यवहार शहाणपणाचा. ज्याला सारेंच नवें घ्यावयाचें आहे, त्यानें डीडीआर-५ चा बोर्ड घेऊन सोळाची जोडी घ्यावी. खेळ अडखळूं लागले कीं मग ती जोडी विकून बत्तीसची आणावी. गतीसाठीं प्रमाणाचा आंकडा थोडा उतरविला तरी चालेल, प्रमाणाबाहेर स्मृति कमी केली तर चालणार नाहीं. कारण मंद ओटा पुरतो, अपुरा ओटा पुरत नाहीं.

स्वस्ताईच्या शोधांत निघालेल्यास दोन खड्डे लागतात. एक, सर्व्हरमधून काढलेल्या जुन्या पट्ट्या. त्या ढिगानें आणि मोहक भावानें मिळतात, पण त्यांतील रजिस्टर्ड जातीच्या पट्ट्या घरगुती बोर्डावर चालूच होत नाहींत. दुसरा, लॅपटॉपच्या आंखूड पट्ट्या. त्या स्लॉटांत बसतच नाहींत. रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांविषयीं इतकेंच कीं दिव्यांनीं गति वाढत नाहीं, आणि पट्टीवरील उंच पत्रा पुष्कळदां प्रोसेसरच्या पंख्याला अडतो.

पट्ट्या बसवितांना चार स्लॉटांपैकीं प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा, असें बहुतेक बोर्डांत असतें. तरी बोर्डासोबत आलेली पुस्तिका एकदां पाहावी. संगणक प्रथम चालूं केल्यावर डीडीआर-५ च्या बोर्डांत कांहीं मिनिटें पडदा काळाच राहतो. स्मृतीची ओळख करून घेण्यांत बोर्ड त्या वेळीं गुंतलेला असतो. घाबरून बटण बंद करणाऱ्यांची ती ओळख पुन्हां पहिल्यापासून सुरू होते, आणि मग संगणक नादुरुस्त आहे अशी बोंब होते. चहा करून घ्यावा. परत येईपर्यंत पडदा उजळलेला असतो.

यानंतरची पायरी सर्वांत अधिक लोक विसरतात. ६००० ची म्हणून घेतलेली पट्टी आपण होऊन ६००० नें चालत नाहीं. ती ४८०० किंवा ५६०० अशा सामान्य प्रमाणानेंच चालूं लागते. बायोसमध्यें जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी या नांवाची सोय चालूं करावी लागते. ती न केल्यामुळें दोन-तीन वर्षें पूर्ण किंमतीच्या रॅमकडून अर्धवट काम करून घेणारीं घरें थोडींथोडकीं नाहींत. ही सोय चालूं केल्यावर त्या रात्रीं मेमटेस्ट-८६ ही तपासणी लावून झोपावें. सकाळीं चुकांच्या रकान्यांत शून्य दिसलें तर ठीक. एक जरी चूक दिसली तरी गति एक पायरी उतरवून पुन्हां तपासावें, आणि सामान्य प्रमाणावरहि चूक निघत असेल तर पावती घेऊन त्याच दिवशीं दुकान गांठावें.